पीठ दळून होईपर्यंत

आत्या,

तुम्हीच बजावून ठेवलं होतं, "मी हाय तवर ह्या कानाचं त्या कानाला कळता कामा न्हाई. गेल्यावर खुशाल दवंडी पिटव." आता गेलात. मातीवरची फुलं अजून पुरती सुकलीसुद्धा नसतील, आणि ती गोष्ट माझ्या पोटात उकळत्या दुधासारखी वर यायला लागली आहे. दुःखाच्या घरात सुनेनं हसणं बरं दिसत नाही, हे मला कळतं. कालच गल्लीतल्या एक बाई भेटायला आल्या आणि डोळ्याला पदर लावून म्हणाल्या, "लई शांत बाई होत्या हो तुमच्या सासूबाई."

शांत! तुम्ही! मी तोंड भिंतीकडं केलं. त्यांना वाटलं मला रडू आवरेना. त्या पाठीवरून हात फिरवायला लागल्या, तशी मी आणखीच गदगदा हलायला लागले.

सगळे म्हणतात, अक्का लिंगैक्य झाल्या, पुण्यवान बाई. असालच. पण मला मात्र तुम्ही सारख्या दिसता त्या मैलूरच्या बारमध्ये, प्लास्टिकच्या खुर्चीवर पाय वर घेऊन, मांडीत फुटाण्याची बशी धरून बसलेल्या. मी काय करू?

तुम्हाला आठवतंय ना, सुरुवात कुठून झाली? अप्पा गेले तिथून. माझे सासरे म्हणून मी त्यांना किती वर्षं पाहिलं, पण त्यांचा आवाज मला नीट आठवत नाही. भुसाराचं दुकान बंद करायचे, वाटेत त्या बारमध्ये टेकायचे, घरी येऊन हातपाय धुवायचे, खाली मान घालून जेवायचे आणि झोपायचे. गळ्यात लिंग असलेल्या लिंगायत घरातला माणूस असा बारला जातो, हे सगळ्यांना ठाऊक होतं आणि कुणी बोलत नव्हतं. तुम्ही तेवढ्या बोलायच्या. ताटात भाकरी वाढता वाढता बोलायच्या, शेजारणीवर, पाहुण्यांवर, नळाच्या पाण्यावर, आणि त्यांच्यावर तर सगळ्यात जास्त. त्यांच्या तोंडावरची माशी हलायची नाही.

आणि मग ते गेल्यावर ती अनोळखी माणसं यायला लागली. कुणी बसचा रिटायर ड्रायव्हर, कुणी सायकल दुरुस्तीवाला, कुणी औरादहून आलेला. येऊन बसायचे आणि एकच बोलायचे, "अप्पा होते म्हणून हसत होतो आम्ही." तुमचा चेहरा मी बघत होते. ती माणसं उठून गेल्यावर तुम्ही मला विचारलंत, "वैजे, ही माणसं घर चुकून आमच्याकडं आली का काय?"

मी फस्सकन हसले. तुम्ही नाही हसलात. "माझ्या जल्मात ह्या माणसाला हसताना मी बघितलं न्हाई. तेला दात हैत, हेबी मला जेवतानाच कळायचं. आन् हे लोक म्हणायलेत हसवायचा. मग घरात कोण येत होतं गं जेवायला?"

हे बोलणं गमतीचं होतं, पण काटा आत मोडला होता. तुम्ही त्यानंतर कितीतरी दिवस पोळपाटाशी बसून तेच कुरतडत होतात. आपला नवरा आपल्या वाट्याचं हसू रोज बाहेर वाटून येत होता, आणि आपल्याला निस्ता रिकामा माणूस मिळाला. तुम्ही हे असं बोलला नाहीत. पण भाकरी थापताना तुमचा हात जोरात पडायचा.

गिरणी आणि बार शेजारी शेजारी, ही त्या गल्लीची रचनाच आपल्या पथ्यावर पडली. लग्न होऊन राजेश्वरहून आले तेव्हापासून मी ज्वारीचा डबा घेऊन त्या गिरणीच्या दारात उभी राहत आले. उभं राहायचं ते बारकडं पाठ करून, हीसुद्धा तुमचीच शिकवण. त्या दिवशी तुम्हीही माझ्याबरोबर आला होतात आणि गिरणीत गर्दी होती. गिरणीवाला ओरडून म्हणाला, "अक्का, नंबर लांब हाय, डबा ठेवून जावा." ऊन अजून उतरलं नव्हतं, रस्त्यावर माणूस नव्हतं. तुम्ही पदरानं तोंडावरचं पीठ पुसलंत आणि म्हणालात, "चल."

"कुठं?"

तुम्ही हनुवटीनं दाखवलंत. हिरवा, तेलकट पडदा.

आत्या, खरं सांगते, माझे पाय आधीच उचलले गेले. कुणी बघितलं तर? तुमचा लेक बसू काय म्हणेल? राजेश्वरला माहेरी कळलं तर आई विहीर जवळ करेल. हे सगळं माझ्या मनात आलं आणि त्याच्याबरोबर हेही आलं, की ह्या पडद्याच्या आत काय आहे ते आज मला दिसणार! तुम्ही पडदा बाजूला केलात आणि शिरलात. मागं वळूनसुद्धा बघितलं नाहीत.

आणि आत काय होतं? आपल्या माजघराएवढी खोली. निळा रंग, पोपडे निघालेला. ट्रॅक्टरसारखा आवाज करणारा एक कूलर. कोपऱ्यात देवाचा फोटो, त्यापुढं उदबत्ती, नारळ आणि कुंकवाचा करंडा. कांदा, लिंबू, उकडलेल्या शेंगा आणि फिनेल, सगळ्याचा मिळून एक वास. मी मनात काय काय धरलं होतं! आणि हे तर घरासारखं घर निघालं. मला ती खोली बघताक्षणी आवडली, आत्या. तुम्हाला मी हे कधी सांगितलं नाही, कारण तुम्ही म्हणाला असतात, "मग तिथंच नांद."

आतली माणसं मात्र दगड झाली. एकानं ग्लास टेबलाखाली लपवला. एक जण तर उभाच राहिला. मालक राजू अण्णा गल्ल्यामागून धावत आला. बारमध्ये बाई येते ती नवऱ्याला ओढून न्यायला, एवढंच त्याला माहीत. "अक्का, कुणाला बोलवू? कुणाचं काय झालं?"

"माझा तर गेला," तुम्ही म्हणालात. "कुणाला न्यायला आले न्हाई. बघायला आले. तो कुठं बसायचा?"

तेव्हा त्यानं ओळखलं. घाईघाईनं खांद्यावरच्या फडक्यानं कूलरजवळची खुर्ची पुसली. तुम्ही त्या खुर्चीकडं जरा वेळ बघितलंत. मग तिच्यावर बसलात, अशा ऐटीत बसलात की लग्नात वरमाय बसावी. मी तुमच्या शेजारी, अर्धी खुर्चीवर आणि अर्धी हवेत.

"काय प्यायचा? आण तेच."

"अक्का, तुमी..."

"पीत न्हाई रं. बघते."

त्यानं दारूची एक नाईंटी आणून ठेवली, आणि आपल्या दोघींना लिंबू-सोडा. तुम्ही ग्लास उचलून नाकाशी नेलात. पूर्ण खोली तुमच्याकडं बघत होती. मग लोणच्याचा खार बघावा तसं बोट बुडवलंत आणि जिभेला लावलंत. पुढं तुम्ही शपथेवर सांगत राहिलात की बोट सोड्यात बुडवलं होतं. मी शेजारी बसले होते, आत्या. असो. तुम्ही तोंड वाकडं केलंत आणि म्हणालात, "ह्याच्यासाठी रोज येत होता व्हय? चिंताकीला माहेरी आमच्या म्हशीला पोट फुगल्यावर पाजायचे, तेला ह्याच्यापेक्षा बरा वास होता. आन् म्हस एकदाच प्याली. दुसऱ्यांदा तिनं पाजणाऱ्याला लाथ घातली."

पलीकडच्या टेबलावरून कुणीतरी हातावर हात आपटला. बाबूमियाँ. बसचे रिटायर ड्रायव्हर, तेच घरी येऊन रडलेले. "वैसाइच बोलते भाभी! खुदा कसम, हूबहू वैसाइच! अप्पा बोलते थे ना, वैसाइच!"

"काय वैसाइच?" तुम्ही वळलात.

बाबूमियाँ उठून उभे राहिले. त्यांनी एक हात कमरेवर ठेवला, मान तिरकी केली, डोळे बारीक केले. आत्या, त्या दाढीवाल्या माणसाच्या जागी मला तुम्ही दिसलात! आणि ते तुमच्या मराठीत बोलायला लागले, "साखर ने बाई, रोज ने. पण एकदा आमाला चहाला बोलव. आमचीच साखर आमाला कशी लागतीय, ते तरी बघू."

खोली फुटली. मी तर टेबलावर डोकं ठेवून हसले. हे तुम्ही आपल्या शेजारणीला बोलला होतात, आपल्या स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर. तिथं तुम्ही, ती आणि भाकरी खात बसलेले अप्पा, एवढेच होते.

मग काय, प्रत्येकाला काहीतरी आठवायला लागलं. सायकलवाला म्हणाला, "आन् ते पोरगी बघायला आलते तवाचं? पोरगी सावळी हाय म्हणाले पाव्हणे, तवा अक्का म्हणल्या, तुमच्या पोराला दुधानं धुतलंय व्हय? धुतलं असंल तर दूध वाया गेलं." हा तर माझ्या नणंदेच्या वेळचा किस्सा! वीस माणसांत तुम्ही बोलला होतात आणि अप्पांनी खाली मान घातली होती. आम्हाला वाटलं, लाजले.

तुम्ही ऐकत होतात. तुमचा चेहरा आधी लाल झाला. "चोर!" तुम्ही म्हणालात. "घरात तोंड शिवून बसायचा, आन् माझंच बोलणं खिशात घालून हितं आणून वाटायचा!"

"व्हय अक्का," राजू अण्णा म्हणाला. "रोज. आमी वाट बघायचो. अप्पा आले की इचारायचो, आज अक्का काय म्हणल्या? तुमाला कदी बघितलं न्हाई, पर तुमी आमाला तोंडपाठ हाव."

"सगळं सांगायचा?"

"सगळं."

"भिंतीचंबी?"

आता राजू अण्णा जरा चाचरला. मला भिंतीचं ठाऊक होतं. तुम्ही एकदा चिडून अप्पांना म्हणाला होतात, ह्या घरात बोलायला मी आणि भिंत, पण भिंत निदान आवाज परत तरी देती.

"तेबी सांगितलं," राजू अण्णा म्हणाला. "त्या दिवशी हसले न्हाईत. म्हणले, बरोबर बोलली ती."

तुम्ही पदर सारखा केलात. पुन्हा केलात. आणि मग तो प्रश्न विचारलात, ज्यासाठी आपण तिथं गेलो होतो. "सांगताना हसायचा का?"

"डोळ्यातनं पाणी येईस्तोवर, अक्का."

"मग घरी कामून न्हाई हसला?"

राजू अण्णा फडकं पिळत उभा राहिला. "आमी इचारलतं एकदा. म्हणले, मी हसलो तर ती थांबती. थांबली तर उद्या तुमाला काय सांगू?"

मग तुम्ही अप्पांचा तो ग्लास हातानं हळूच टेबलाच्या पलीकडच्या कडेला सरकवलात, जेवल्यावर ताट सरकवावं तसा, आणि म्हणालात, "वैजे, पीठ झालं असंल. ऊठ."

पण सुटका एवढ्यात कुठली! आतून राजू अण्णाची बायको आली, गंगाक्का. हाताला बेसन लागलेलं, कपाळाला घाम. तिथला सगळा चकना तीच करते. "बर्री, बर्री, या, थांबा की," असं अर्धं कानडीत दटावून तिनं वाट अडवली. बाईमाणूस पहिल्यांदा दारात आलंय, ते काय रिकाम्या ओटीनं पाठवायचं? मग जी पळापळ झाली! देवापुढचा नारळ आला. खण नव्हता, तर कपाटातला कोरा नॅपकिन आला. तांदूळ नव्हते, तर फुटाणे आले. हळकुंडाच्या जागी लिंबू. बाबूमियाँनी अदबीनं खुर्ची फिरवून तोंड भिंतीकडं केलं, तसं सगळ्यांनीच केलं. बारमधली सगळी गिऱ्हाइकं भिंतीकडं तोंड करून बसलेली, आणि मध्ये माझी ओटी भरली जातेय. मला हसूही येईना आणि श्वासही घेता येईना.

माझं झालं आणि गंगाक्का तुमच्याकडं वळली. तेव्हा मी बघितलं, तुम्ही आपसूक बाजूला होऊन दाराशी जाऊन उभ्या राहिला होतात. अप्पा गेल्यापासून प्रत्येक घरात उभ्या राहायच्या तशा. आपल्यात विधवेचं असं काही मानायचं नाही, हे मठात सगळे ऐकतात, आणि घरी येऊन सगळेच पाळतात.

"पुढं या अक्का."

"मला चालत न्हाई गं."

गंगाक्कानं करंडा उघडला. "बार हाय अक्का हा," ती म्हणाली. "हितं सगळं चालतंय."

आणि तुम्ही हसलात! अप्पा गेल्यापासून पहिल्यांदा, पोट धरून हसलात. हसता हसताच तुम्ही पदर पुढं धरलात, आणि गंगाक्कानं तुमच्या कपाळावरच्या विभूतीखाली कुंकवाचं बोट टेकवलं. फुटाणे ओटीत पडल्याचा आवाज मला अजून येतो. एक हात कपाळापाशी नेलात आणि परत खाली घेतलात. पुसलं नाहीत. पदर पुढं ओढून घरी आलात. नारळ आणि फुटाणे पिठाच्या डब्यात, नॅपकिनात गुंडाळून. आणि घरात शिरताना मला कानात म्हणालात, "त्या गंगीला माझ्याइतकंच तोंड हाय." ह्याहून मोठं कौतुक मी तुमच्या तोंडून कुणाचं ऐकलं नाही.

त्यानंतर आपल्या घरातलं पीठ भलतंच लवकर संपायला लागलं.

तुम्हाला भाकरीवर भाकरी करण्याचा उत्साह आला. गल्लीतल्या गायींची चंगळ झाली. डब्यातलं पीठ संपेपर्यंत तुम्हाला दम निघायचा नाही. तुम्ही त्या खुर्चीवर बसायच्या, फुटाणे खायच्या आणि राजू अण्णाच्या गिऱ्हाइकांना ताजा माल द्यायच्या, मध्ये दलाल नाही. आमचे हे एकदा जेवताना म्हणालेसुद्धा, "घरात एवढं पीठ लागायलंय?" तुम्ही म्हणालात, "तू मोठा व्हायलास की." पोरगं पन्नाशीला आलेलं!

पण भांडण आपलं मिटलं नाही, आत्या. मी म्हणायची, केवढी माया म्हणायची अप्पांची, तुमचा शब्द न् शब्द जपून नेला. तुम्ही म्हणायच्या, "नेला ना? दिला का परत? हसायला काय वीजबिल येत होतं घरात? थांबले असते मी जराशी. जरा थांबून त्याच्याबरोबर हसले असते, मग पुढं बोलले असते." मी माझंच रेटायची. आता वाटतं, तुमचंच खरं होतं. हे तुम्हाला सांगायचं राहून गेलं, म्हणून आज लिहून सांगते.

शेवटी दवाखान्यातलं. ती पोरगी, नर्स, तुम्हाला सगळं विचारत होती. आमचे हे खाली औषध आणायला गेले होते. तिनं विचारलं, "आजी, काही व्यसन? तंबाखू, दारू?" तुमच्या नाकात नळी होती. तुम्ही ती जरा बाजूला सारलीत आणि अगदी इमानदारीनं सांगितलंत, "दारू न्हाई, बाई. बारला जाते निस्तं."

त्या पोरीनं माझ्याकडं बघितलं. मी छताकडं बघितलं. तुम्ही माझ्याकडं बघून एक डोळा मिटलात. पुढचं आपलं बोलणं झालंच नाही.

परवा मी डबा घेऊन निघाले. एकटीच. गिरणीवर डबा ठेवला आणि पडद्याआड गेले. कूलरजवळची खुर्ची कुणी घेतली नव्हती. राजू अण्णानं हात जोडले, गंगाक्का आतून आली. मी म्हटलं, आत्यांचं शेवटचं बोलणं सांगायला आले. आणि तुम्ही म्हणायच्या, वैजी सांगायच्या आधीच हसती, तसंच झालं, मला सांगताच येईना. "नर्सनं विचारलं" इथंच मला हसू फुटलं आणि मग रडू फुटलं. बाबूमियाँ म्हणाले, "आरामसे बेटी, फिरसे." मी फिरून सांगितलं. ह्या खेपेला तुमच्यासारखी नळी बाजूला केली आणि सांगितलं.

आत्या, काय हसले सगळे! गंगाक्का बेसनाच्या हातानं डोळे पुसत होती.

घरी आले तर हे अंगणात बसलेले. तुम्हाला माती दिल्यापासून त्यांचं तोंड मिटलेलंच होतं. जेवताना मान खाली, अप्पांसारखीच. मला भीती वाटायला लागली होती, की आता ह्या घरात मी आणि भिंत. डब्याकडं बघून ते म्हणाले, "परवाच्या दिवशीच आणलं होतं की पीठ."

मग मी सांगितलं. उंबऱ्यावर बसून सगळं, पडद्यापासून नर्सपर्यंत. म्हस, साखर, ओटी, काही ठेवलं नाही. सांगताना मी त्यांच्याकडं बघतच नव्हते. संपलं तरी ते गप्पच. मला वाटलं, झालं, आता उठून जातील.

"म्हंजे," ते हळूच म्हणाले, "एवढे दिवस मी त्या एवढ्या भाकरी खायलोय, त्या..."

आणि मग हसायला लागले. खांदे हलायला लागले, डोळ्यांतून पाणी आलं, हातातला तांब्या सांडला, तरी थांबेनात. मी थांबले, आत्या. त्यांच्याबरोबर हसले. मग पुढं बोलले.

हे घरात हसले, आत्या. दात आहेत. मी बघितले.